मधल्या पदाचा रुबाब!

माहीत आहे का? १२ आणि २१ जसे एकमेकांचे आरशातले जोडीदार, तसेच त्यांचे वर्गही! १४४ आणि ४४१. १३ चा १६९, ३१ चा ९६१. अजून हवंय? ११२ चा १२५४४ आणि २११ चा ४४५२१!

पडद्यामागे आहे आपलं शाळेतलं सूत्र: (अ + ब)² = अ² + २अब + ब². १२ म्हणजे १० + २, म्हणून १०० + ४० + ४. हातचा येत नाही तोवर आरसा शाबूत. हातचा आला की खेळ खल्लास: १४ चा १९६, ४१ चा मात्र १६८१.

आता सुपरहिट चूक! (अ + ब)² म्हणजे अ² + ब² असं ठोकून देणारे प्रत्येक वर्गात सापडतात. (३ + ४)² = ४९, पण ९ + १६ = २५. उरलेले २४ गेले कुठे? २ × ३ × ४ = २४. चोर सापडला: मधलं पद!

पटत नाही? ७ सेंमी बाजूचा चौरस कागद घ्या. एका कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंवर ३ सेंमी मोजा आणि एक आडवी, एक उभी घडी घाला. उलगडा. ९ चा छोटा चौरस, १६ चा मोठा, आणि १२-१२ चे दोन आयत. जुळे आयत म्हणजेच २अब! इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास युक्लिडने 'एलिमेंट्स'च्या दुसऱ्या भागात हेच मांडलंय, तेही फक्त रेघा आणि आकृत्यांच्या जोरावर.

त्रिपदी पूर्ण वर्ग आहे का, हे ओळखायची ट्रिक एकदम झटपट. टोकांची वर्गमुळं काढा, गुणा, दुप्पट करा. ४क्ष² + १२क्ष + ९? २क्ष आणि ३, गुणाकार ६क्ष, दुप्पट १२क्ष. पास! क्ष² + १०क्ष + १६? टोकं चकाचक, पण मध्ये हवं होतं ८क्ष. नापास! पद मिळालं म्हणून मान मिळतोच असं नाही.

माहीत आहे का? नवव्या शतकात बगदादच्या अल-ख्वारिझ्मीने क्ष² + १०क्ष = ३९ सोडवलं ते चौरस पुरा करून. १० चं अर्धं ५, त्याचा वर्ग २५, तो दोन्हीकडे मिळवला. झालं (क्ष + ५)² = ६४, क्ष = ३. दुसरं उत्तर −१३, पण ऋण उत्तरांना त्याच्याकडे नो एंट्री!

अर्धं करताना अपूर्णांक छळतात? श्रीधराचार्यांची आयडिया लाजवाब. ३क्ष² + ५क्ष = २ घ्या. वर्गपदाच्या सहगुणकाच्या चौपटीने, म्हणजे १२ ने, सगळं गुणा: ३६क्ष² + ६०क्ष = २४. मधल्या ५ चा वर्ग मिळवा: (६क्ष + ५)² = ४९. क्ष = १/३. अपूर्णांक आला तो थेट उत्तरातच! श्रीधराचार्यांचा बीजगणितावरचा ग्रंथ काळाच्या ओघात हरवला. नियम वाचला, कारण भास्कराचार्यांनी तो आपल्या 'बीजगणिता'त उद्धृत केला. त्याच भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला नातू चांगदेवाने चाळीसगावजवळच्या पाटणला मठ काढला. शिलालेख साक्षीला आहे!

आणि हा शेवटचा षटकार. रामानुजनना केंब्रिजला बोलावणारे हार्डी क्रिकेटचे जबर शौकीन. त्यांच्यासोबत क्रिकेट खेळणाऱ्या पनेट या जनुकशास्त्रज्ञाने त्यांच्यापुढे आनुवंशिकतेचं कोडं टाकलं. १९०८ मध्ये हार्डींनी ते सोडवलं, ते याच त्रिपदीने! त्याच वर्षी जर्मन डॉक्टर वाइनबर्गनेही स्वतंत्रपणे तेच मांडलं. आई-वडील दोघांकडून आलं तरच आजार करणाऱ्या सदोष जनुकाचं प्रमाण दहात एक असेल, तर शंभरात आजारी १, निरोगी ८१, आणि आजार न होता ते जनुक बाळगणारे तब्बल १८. हे १८ म्हणजे कोण? अहो, २अब!