मोठा कोण? जो लुई की महंमद अली?

मुष्टियुद्धात सर्वांत जड वजनाचा गट म्हणजे हेवीवेट. अमेरिकेचे जो लुई आणि महंमद अली, दोघेही या गटाचे जगज्जेते. लुई १९३७ ते १९४९ जगज्जेता होता. त्याने २५ वेळा किताब राखला. तो विक्रम अजून कुणी मोडला नाही. अलीने किताब तीनदा जिंकला : १९६४, १९७४ आणि १९७८ साली.

१९४२ साली लुईने दोन लढतींची कमाई नौदल व भूदलाच्या मदतनिधीला दिली. स्वतःही सैन्यात गेला. पुढे कराच्या थकबाकीने तो कर्जात बुडाला. अलीने १९६७ साली व्हिएतनाम युद्धाला जायला साफ नकार दिला. किताब गेला, साडेतीन वर्षं लढता आलं नाही.

आकड्यांत लुई सरस. पण सगळं जाणार हे ठाऊक असून ‘नाही’ म्हणणाऱ्या अलीला मी पहिला नंबर देतो. तुम्ही कुणाला द्याल?