औषधाचा मुक्काम

वसई तालुक्यात महामार्गालगत म्हशींचे जे तबेले आहेत, त्यांपैकी एखाद्यात पहाटे धार काढायला बसलेल्या गवळ्याच्या हाताला एक सड कढत व कठीण लागतो, दुधात दह्याच्या कवड्यांसारख्या गुठळ्या दिसू लागतात आणि म्हैस कासेला हात लावू देत नाही, तेव्हा दगडी, म्हणजे कासेचा दाह, झाली हे ओळखायला त्याला कोणाच्या दाखल्याची गरज उरत नाही. पशुवैद्य येतो, सडातून प्रतिजैविकाची नळी कासेत रिकामी करतो आणि वेष्टनावर छापलेली मुदत संपेपर्यंत दूध विकू नये अशी सक्त ताकीद देऊन जातो. पशूंच्या औषधशास्त्राचे मर्म या ताकिदीत आहे असे मला वाटते, कारण जनावराला दिलेले औषध जनावरापाशीच संपते हा आपला समज येथे खोटा ठरतो.

पेनिसिलिनचे कार्य पाहावे. जंतूला आपल्या देहाभोवती एक तट बांधीत राहावे लागते. पेनिसिलिन ते बांधकाम अडविते आणि तटावाचून जंतू फुटून मरतो, म्हशीच्या पेशींना मात्र असा तटच नसल्यामुळे तिला सहसा बाधा होत नाही. परंतु दही लावणाऱ्या जंतूंनाही तसाच तट असतो, म्हणून मुदतीपूर्वी विकलेल्या दुधाला विरजण नीट लागत नाही आणि गृहिणी बिचारी विरजणालाच दोष देत बसते. मोठ्या जनावराला प्रतिजैविक तोंडावाटे दिले तर पोटाच्या पहिल्या कप्प्यात चारा पचविणाऱ्या सूक्ष्मजीवांची जी अफाट वस्ती नांदत असते तिचाच संहार होऊन रवंथ बंद पडण्याचे भय असते; म्हणून ते प्रायः टोचले जाते.

जंत व गोचीड यांवरील आयव्हरमेक्टिन त्यांच्या मज्जातंतूंना पक्षाघात आणते; जपानमधील मातीतल्या एका जंतूपासून लाभलेल्या या औषधाच्या शोधाला २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

ऑक्सिटोसिनची कथा मात्र क्लेशदायक आहे. पारडू लुचू लागले की म्हशीच्या मेंदूतून हे संप्रेरक रक्तात उतरते, दुग्धग्रंथींभोवतीचे सूक्ष्म स्नायू आवळले जातात आणि पान्हा फुटतो. पारडू दगावलेल्या म्हशीला सुई टोचून पान्हा आणविण्याची चाल पडली. पण सुई दूध निर्माण करीत नाही, असलेले उतरविते इतकेच. दूध वाढविण्यासाठी जनावराला अपायकारक द्रव्य टोचणे हा १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियमान्वये गुन्हा आहे, आणि त्याचा अंमल अधिक कठोरपणे व्हावयास हवा.

वेदनाशामकांविषयी मात्र विस्ताराने लिहिले पाहिजे. इजा झालेल्या जागी प्रोस्टाग्लँडिन नामक द्रव्ये निर्माण होऊन सूज, ताप व ठणका उद्भवतो, आणि ही औषधे त्यांची निर्मिती रोखतात. परंतु जठराच्या अस्तराचे व मूत्रपिंडातील रक्तप्रवाहाचे रक्षणही तीच द्रव्ये करीत असल्यामुळे मात्रा चुकली तर इलाजच घातक होतो. शिवाय देहादेहांत भेद असतो. अर्नाळ्याच्या कोळीवाड्यात मासळीवर पोसलेल्या बोक्याला ताप आला म्हणून घरातील पॅरासिटामॉलची गोळी मायेपोटी चारली, तर ती त्याला मारू शकते, कारण तिचा निचरा करणारी यकृतातील व्यवस्था मांजराच्या जातीत अत्यंत दुबळी असते. रक्त प्राणवायू वाहीनासे होते आणि हिरड्या काळवंडतात.

लंगडणाऱ्या गुरांना डायक्लोफेनॅक हे असेच एक वेदनाशामक टोचीत, ते स्वस्त होते आणि गुणही देई. पण टोचल्यानंतर लवकरच दगावलेले जनावर गावकुसाबाहेर टाकले जाई, त्यावर गिधाडे उतरत, आणि मांसात उरलेल्या औषधाच्या अंशाने त्यांची मूत्रपिंडे निकामी होऊन अंतर्गत अवयवांवर यूरिक आम्लाचे पांढरे स्फटिक साचत. पाकिस्तानात झालेल्या संशोधनातून २००४ साली गिधाडांच्या मृत्यूचे हे कारण उघड झाले. तोवर भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी बहुतेक सर्व नाहीशी झाली होती. सरकारने २००६ मध्ये जनावरांसाठी हे औषध मना केले, माणसांच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोहोचतात असे दिसल्यावर २०१५ मध्ये त्या तीन मिलिलिटरवर आणल्या, आणि २०२३ मध्ये किटोप्रोफेन व असेक्लोफेनॅक यांवरही बंदी घातली. गिधाडांना सुरक्षित ठरलेले मेलॉक्सिकॅम आज पशुवैद्यांपाशी आहे. वसईहून रेल्वेने तासाभराच्या अंतरावर, मलबार हिलच्या डुंगरवाडीत, मृतदेह खाणारी गिधाडेच न उरल्यामुळे पारशी समाजाला आपल्या मृतांसाठी दोखम्यांवर, म्हणजे मृतदेह ठेवण्याच्या मनोऱ्यांवर, सूर्याची उष्णता एकवटणारे आरसे बसवावे लागले आहेत.