कुवेतचें तेल आणि कुवेतचें पाणी

इराणी आखाताच्या वायव्य टोंकाशीं कुवेत नांवाचें एक लहानसें राज्य आहे. तेथें बारमाही नदी एकही नाहीं. पाऊस पडतो तो नांवालाच. मग तेथील लोक पाणी पितात तरी कोठलें, हा प्रश्न कोणाही विद्यार्थ्यास सुचेल. पूर्वीं शत्त-अल-अरब नदीचें पाणी गलबतांत भरून आणीत व शहरांत घरोघर विकीत. आतां समुद्राचें खारें पाणी मोठमोठ्या कारखान्यांत गोडें करितात. असा पहिला सरकारी कारखाना १९५३ सालीं शुवैख येथें सुरू झाला. परंतु ह्या कारखान्यांस इंधन लागतें, आणि तें इंधन म्हणजे खनिज तेल व वायु. कुवेती मनुष्य तेल विकून अन्न घेतो इतकेंच नव्हे, तर तेल जाळूनच पाणी पितो!

एकाच वस्तूवर विसंबण्याचा हा त्या लोकांवर पहिलाच प्रसंग नव्हे. तेलापूर्वीं त्यांची मदार मोत्यांवर होती. उन्हाळ्यांत पाणबुडे नाकाला चिमटा लावून दगडाच्या भारानें समुद्राच्या तळाशीं जात. त्यांनीं काढलेलीं मोत्यें आपल्या मुंबईच्या बाजारांत येत, आणि गलबतें तांदूळ, चहा व मलबारचें सागवान घेऊन परत फिरत. तेथें चलनही आपला रुपयाच होता. स्वतःचा दिनार त्यांनीं १९६१ सालीं काढला. पुढें जपानांत मिकिमोतो यानें शिंपल्यांत मोतीं पिकविण्याची युक्ति साधली, १९२९ पासून जगभर मंदी आली, आणि थोड्याच वर्षांत तो धंदा बसला. समुद्रांतील मोत्यें कांहीं संपलीं नव्हतीं. गिऱ्हाईक नाहींसें झालें होतें.

दैवयोगानें १९३८ सालीं बुर्गान येथें तेल लागलें व १९४६ पासून तें परदेशीं जाऊं लागलें. तेथील राज्यकर्त्यांनीं एक गोष्ट मात्र दूरदृष्टीनें केली. १९५३ पासून त्यांनीं शिल्लक पैसा लंडनमधील मंडळामार्फत बाहेर गुंतविला. आणि १९७६ सालीं, राज्याच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा दरसाल पुढील पिढ्यांच्या निधींत टाकावा, असा कायदा केला. १९९० मध्यें इराकनें देश गिळंकृत केला व परततांना ६०० हून अधिक विहिरी पेटविल्या, तेव्हां परागंदा सरकार परदेशांतील पुंजीवरच तगलें.

खर्चाच्या बाबतींत ही दृष्टि दिसत नाहीं. सरकारचें बहुतेक उत्पन्न तेलाचें. लोकांच्या मिळकतीवर कर नाहीं. वीज व पाणी अल्प दरांत. नोकरी करणारे बहुतेक नागरिक सरकारी चाकरींत आहेत. तेथें पगार चांगला मिळत असतां कारखान्यांत कोण राबणार? तीं कामें परदेशीयांकडे आहेत, व त्यांत आपले देशबांधव लाखोंनीं आहेत. २०१४ च्या मध्यास शंभर डॉलरांवर असलेलें तेलाचें पिंप २०१६ च्या जानेवारींत तिसांखालीं उतरलें. पगार मात्र उतरले नाहींत. जमिनीखालील सांठा कित्येक दशकें पुरेल खरा, पण चीन व युरोप येथील रस्त्यांवर विजेच्या मोटारी वाढूं लागल्या आहेत. आणि २०२० सालीं कुवेतनें १९७६ चा कायदा बदलला: ज्या वर्षीं शिल्लक उरेल, त्याच वर्षीं निधींत भर घालावयाची.