शिसे : हाताला लागते, हाडांत बसते

शिसपेन्सिल हे नाव फसवे आहे. तिच्यात शिसे नसतेच. असते ते ग्रॅफाइट, म्हणजे कार्बनचे एक रूप. उलट, जिथे शिसे असेल असे मनातही येत नाही, तिथे ते सापडते. मारुतीला लावायचा पारंपरिक शेंदूर हा शिशाचाच ऑक्साइड!

पुणे-नाशिक रस्त्याने भोसरी मागे टाकून मोशीकडे आणि पुढे चाकणकडे निघालो, की मोठे कारखाने नजरेत भरतात. गाड्यांच्या बॅटऱ्या उघडणारे, स्प्रेने रंग मारणारे छोट्या शेडमधले कारागीर मात्र सहसा लक्षात येत नाहीत. त्यांचे नाते चांदीच्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरीसारख्या गावांशी जुळते. पश्चिम महाराष्ट्रातील बॅटरी कामगार, चांदीचे दागिने घडवणारे कारागीर आणि स्प्रे पेंटर या तिघांचा एकत्रित अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. तिन्ही गटांच्या रक्तात इतरांपेक्षा जास्त शिसे आढळले.

चांदीच्या कामात शिसे येते कोठून? अशुद्ध चांदी शुद्ध करण्याची जुनी रीत अशी, की तिच्यात शिसे घालून भट्टीत तापवायचे. शिसे हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावते, हिणकस धातूंना आपल्याबरोबर ओढून नेते आणि चांदी मागे उरते. कारागिरांच्या दुकानातील केर धुऊन त्यातले सोने-चांदी मिळवणारे झारेकरी आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या आहेत. पण शिसे ३२७ अंश सेल्सियसला वितळते आणि चांदी ९६१ अंशांना. म्हणजे चांदी वितळेपर्यंत शिशाचा धूर होऊ लागलेला असतो. तो श्वासावाटे आत जातो. उरलेला बारीक धूळ होऊन भांड्यांवर, कपड्यांवर, हातांवर बसतो. त्याच हाताने तंबाखू मळली, भाकरी मोडली, की तो पोटात जातो.

आपले शरीर शिशाला ओळखण्यात चूक करते. त्याला ते कॅल्शियम वाटते आणि ते हाडांत साठवले जाते. रक्तातले शिसे महिना-दीड महिन्यात निम्मे होते; हाडांतले मात्र वर्षानुवर्षे राहते. ते रक्त तयार होण्याच्या क्रियेत अडथळा आणते, म्हणून माणूस फिकट पडतो. पोटात कळा येतात, बद्धकोष्ठ होतो, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडे बिघडतात. ‘कामाचा शीण’ म्हणून हे सारे अंगावर काढले जाते.

खरा धोका घरात आहे. कामाचे कपडे घालून बाप घरी येतो आणि मूल धावत येऊन बिलगते. पोटात गेलेले शिसे लहान मुले मोठ्यांच्या चार ते पाच पट शोषून घेतात, आणि मेंदूची झालेली हानी भरून येत नाही. शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

कायदा काय करतो? २००० मध्ये देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. घरगुती रंगांत दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसे नसावे, हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. औद्योगिक रंग त्यातून वगळले गेले. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने शिशाची विषबाधा सरकारला कळवण्याच्या रोगांत धरली. पण ‘कारखाना’ ठरण्यासाठी कामगारांची किमान संख्या लागे. चार जणांची शेड किंवा पडवीतली भट्टी त्यात सहसा बसतच नसे.

म्हणून पहिली काळजी कारागिरालाच घ्यावी लागते. भट्टी राहत्या घरापासून दूर, धूर बाहेर जाईल अशी हवी. कोरड्या झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसावे. खाण्यापूर्वी हात-तोंड साबणाने धुवावे, कामाच्या जागी तंबाखू-विडी टाळावी. कपडे तिथेच बदलावेत आणि वेगळे धुवावेत. तोंडाला बांधलेला रुमाल हा धूर अडवत नाही. गूळ खाल्ल्याने धूळ उतरते ही समजूतही खोटी. लोह व कॅल्शियम असलेला आहार मात्र शिशाचे शोषण कमी करतो. पालेभाज्या, नाचणी, दूध हे आपल्या आवाक्यातले पदार्थ आहेत.

शंका आली तर डॉक्टरांना आपले काम नेमके काय ते सांगा आणि रक्तातील शिसे तपासून घ्या. शिशाचा संपर्क थांबवणे हा पहिला उपचार. औषध लागेल की नाही ते डॉक्टर ठरवतील. कारागिराची कला मुलाकडे जावी. तिच्याबरोबर हाडांतले शिसे जाऊ नये.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)