दोन वर्गांची वजाबाकी
अ² − ब² = (अ + ब)(अ − ब). कंस गुणून पाहा: +अब आणि −अब एकमेकांना खाऊन टाकतात, दोन वर्ग तेवढे उरतात.

क्ष⁴ − ८१ घ्या. पहिल्या फेरीत (क्ष² + ९)(क्ष² − ९) मिळतं आणि घाईत बरेच जण इथेच पेन ठेवतात. दुसरा कंस अजून फुटतो: (क्ष + ३)(क्ष − ३). क्ष² + ९ मात्र वास्तव संख्यांत फुटत नाही.

या सूत्राची खरी गंमत मला संख्यांत वाटते. १७व्या शतकात गणितज्ञ फर्माने २०२७६५१२८१ चे अवयव असेच काढले. वर्गमुळालगतच्या ४५०३० पासून एकेक संख्या घ्यायची, तिच्या वर्गातून मूळची संख्या वजा करायची, बाकी पूर्ण वर्ग येते का बघायचं. बाराव्या संख्येला जमलं: ४५०४१² − १०२०², म्हणजे ४६०६१ × ४४०२१. लहान संख्यांपासून भागत बसला असता तर हजारो भागाकार झाले असते.