दुधाची डिग्री

तुमच्या घरी दुधाची पिशवी येत असेल तर ती एकदा नीट वाचून पाहा. गाईच्या दुधाच्या पिशवीवर बहुधा दोन आकडे छापलेले असतात : फॅट ३.५ टक्के आणि एस.एन.एफ. ८.५ टक्के. आपण पिशवी फोडतो, दूध तापवतो आणि ते आकडे कचऱ्यात टाकून देतो. पण बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील कित्येक घरांत मुलांची फी, किराणा आणि पेंडीची उधारी ह्याच दोन आकड्यांवर अवलंबून असते.

फॅट म्हणजे दुधातील स्निग्धांश, आपली साय आणि लोणी. एस.एन.एफ. म्हणजे स्निग्धांश वगळून उरणारे घन पदार्थ, अर्थात प्रथिने, दुग्धशर्करा आणि क्षार. राहिलेला ८८ टक्के भाग पाणीच असतो! पाण्याला कोणी पैसे देत नाही, म्हणून दुधाचा भाव ह्या दोन आकड्यांवर ठरतो. ३.५ आणि ८.५ भरले तर ठरलेला भाव. त्याखाली प्रत्येक ०.१ टक्क्याला, म्हणजे एका ‘पॉइंट’ला, काही पैसे कापले जातात.

हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेत येतात. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. १८८५ साली झालेल्या नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर इथे ऊस उभा राहिला. पण मोरगाव-सुप्याकडचा जिराईत भाग कोरडाच राहिला. उसाचे पैसे हाती यायला वर्ष-दीड वर्ष लागते. दुधाचे पैसे मात्र दर दहा दिवसांनी मिळतात. गावात त्याला ‘दुधाचा पगार’ म्हणतात, आणि हा शब्द अगदी चपखल आहे. दोन एकर जमीन असलेल्या कुटुंबाला दोन-तीन संकरित गाई म्हणजे घरातली नोकरीच. खिलार गाय बैलासाठी उत्तम, पण दूध बेताचे. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळीकांचन येथे सुरू केलेल्या संस्थेने होल्स्टीन आणि जर्सी वळूंच्या रेतनाचा प्रसार केला आणि गोठ्याचे रूप पालटले. (ते गोठवलेले रेत उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात. त्याची हकीकत पुन्हा कधीतरी.)

आता मागणीकडे वळू. माणसाचे उत्पन्न वाढले म्हणजे तो भाकरी दुप्पट खात नाही. तो दूध, अंडी, पनीर, आइस्क्रीम ह्यांकडे वळतो. १९९९ साली वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय अन्नधोरण संशोधन संस्थेने विकसनशील देशांबद्दल नेमके हेच भाकीत केले होते. भारतात १९५०-५१ साली १ कोटी ७० लाख टन दूध होत असे. २०२३-२४ साली ते सुमारे २३ कोटी ९० लाख टनांवर गेले. मुंबई आणि पुण्यासारखी शहरे कितीही दूध रिचवतील असे वाटते. मग इंदापूरच्या शेतकऱ्याला भावाची चिंता का पडावी?

याचे एक उत्तर एस.एन.एफ.मध्ये दडलेले आहे. मागणीपेक्षा दूध जास्त आले की डेअरी त्यातली साय काढून लोणी करते आणि उरलेल्या दुधाची भुकटी करते. १०० किलो दुधापासून साधारण पावणेनऊ किलो भुकटी मिळते. हा आकडा ८.५ च्या किती जवळ आहे पाहा! एस.एन.एफ. म्हणजे जणू होऊ घातलेली भुकटीच. भुकटी टिकते, जहाजाने परदेशी जाते, म्हणून तिचा भाव जगाच्या बाजारात ठरतो. तिकडे भुकटी उतरली की इकडे निमगाव केतकीच्या गोठ्यातले दूध उतरते. २०२४ साली गाईच्या दुधाचा भाव इतका पडला, की राज्य सरकारला लिटरमागे ५ रुपये अनुदान द्यावे लागले.

जगाचा बाजार शेतकऱ्याच्या हातात नाही. पण डेअरीच्या खिडकीत होणारे मोजमाप त्याला समजू शकते, आणि ते सारे पदार्थविज्ञान आहे. तुमच्यापैकी जे शाळेपूर्वी डेअरीला दूध घालून येतात, त्यांनी पुढचा भाग विशेष लक्ष देऊन वाचावा.

दुधात बुडवतात ती काचेची बुडाशी जड नळी म्हणजे दुग्धमापी, अर्थात लॅक्टोमीटर. आर्किमिडीजचे तत्त्व तुम्ही शिकला आहात. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतका द्रव बाजूला सारते; द्रव जितका दाट, तितकी नळी कमी बुडते. दुधाची घनता पाण्याच्या १.०२८ पट असेल तर नळीवर २८ हा आकडा दिसतो. त्यालाच गावात ‘डिग्री’ म्हणतात. ही डिग्री आणि फॅट ह्यांवरून एस.एन.एफ. काढण्याचे सूत्र असे आहे : डिग्रीला ४ ने भागा, त्यात फॅटचा पाव हिस्सा मिळवा आणि ०.४४ मिळवा. डिग्री २९ आणि फॅट ३.५ असेल तर ७.२५ अधिक ०.८७५ अधिक ०.४४, म्हणजे जवळजवळ ८.५७. दूध पास! डिग्री २८ आली तर मात्र उत्तर ८.३२ येते. एका डिग्रीने अडीच पॉइंट गेले.

इथेच खरी मेख आहे. दुग्धमापीवर खुणा करताना दूध २७ अंश सेल्सिअसला असल्याचे गृहीत धरलेले असते. दूध त्याहून कोमट असेल तर ते प्रसरण पावते, विरळ होते आणि नळी जास्त बुडते. दर एका अंशाला साधारण ०.२ डिग्रीचा फरक पडतो. गाईच्या शरीराचे तापमान ३८.५ अंशांच्या आसपास असते. धार काढून लगेच आणलेले दूध ३२ अंशांवर असेल तर नळी बरोबर एक डिग्री कमी दाखवील. ही दुरुस्ती मिळवायची असते, त्यासाठीच नळीबरोबर तापमापी हवा. घाईगर्दीत तो बुडवलाच नाही तर? समजा, पॉइंटमागे ५० पैसे कापतात आणि घरचे दूध ३० लिटर आहे. लिटरमागे सव्वा रुपया गेला, दिवसाला साडेसदतीस रुपये, आणि दहा दिवसांच्या पगारात ३७५ रुपये. गाय तीच, वैरण तीच, दूधही तेच. हिवाळ्यात थंड दुधाच्या बाबतीत उलट घडते हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

आणखी एक गंमत आहे. अगदी ताज्या दुधाची घनता काही तासांनंतर थोडी वाढते, तेवढेच तापमान ठेवले तरीही! धार काढताना दुधात अडकलेले हवेचे सूक्ष्म बुडबुडे निघून जातात आणि पातळ असलेला स्निग्धांश हळूहळू घट्ट होऊ लागतो. हा परिणाम रेकनागेल ह्या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जातो. म्हणजे जो शेतकरी दूध सर्वांत ताजे आणतो, त्याचेच दूध नळीला किंचित पातळ वाटते.

मात्र नुसत्या डिग्रीवर विसंबणे डेअरीलाही परवडत नाही. स्निग्धांश पाण्याहून हलका आहे, म्हणून साय काढून घेतली की डिग्री वाढते. मग बेताने पाणी घातले की ती पुन्हा मूळच्या आकड्यावर येते. दोनदा फसवणूक आणि नळी म्हणते सर्व ठीक! त्यासाठी फॅट वेगळी मोजावी लागते. स्वित्झर्लंडच्या गेर्बर यांची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आली आणि आजही तिच्यावरूनच इतर यंत्रे तपासतात. काचेच्या ब्युटिरोमीटरमध्ये १० मिलिलिटर गंधकाम्ल, पावणेअकरा मिलिलिटर दूध आणि १ मिलिलिटर ॲमिल अल्कोहोल घालतात. आम्ल प्रथिने विरघळवते आणि स्निग्धांशाचे कण मोकळे होतात. हे कण मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शाच्या तीन-चार पट एवढे बारीक असतात. स्थिर दुधात असा सुटा कण तासाला जेमतेम दीड मिलिमीटर वर चढेल. म्हणून नळी मिनिटाला सुमारे ११०० फेऱ्यांनी गरगर फिरवतात. तिथे गुरुत्वाकर्षणाच्या साडेतीनशे पट जोर मिळतो, आणि पाच मिनिटांत सारा स्निग्धांश एका टोकाला येऊन पट्टीवर वाचता येतो. (गंधकाम्लाशी खेळ नको, हा प्रयोग घरी करू नये.)

हल्ली बऱ्याच केंद्रांवर चिमुकले विद्युत् यंत्र दिसते. ते दुधातून श्राव्यातीत ध्वनी सोडून त्याचा वेग मोजते. पाणी तापले की त्यातील ध्वनीचा वेग वाढतो, स्निग्धांश तापला की कमी होतो. म्हणून दोन वेगळ्या तापमानांना वेग मोजला की फॅट आणि एस.एन.एफ. दोन्ही काढता येतात. युक्ती सुरेख आहे. परंतु आत दुधाचे किटण बसले, किंवा यंत्र गेर्बरच्या पद्धतीशी वेळोवेळी ताडून पाहिले नाही, तर ते चुकीचा आकडाही तितक्याच ऐटीत छापते. छापील आकडा म्हणजे खरा आकडा असे समजणे मला धोक्याचे वाटते.

मोजून झालेले दूध पुढे टिकले पाहिजे. कोमट दुधात जीवाणू अर्ध्या तासात दुप्पट होऊ शकतात. ४ अंशांना त्यांची वाढ फार मंदावते. म्हणून गावोगावी शीतकरणाच्या टाक्या आल्या. हजार लिटर दूध ३५ वरून ४ अंशांवर आणायला जेवढी उष्णता काढावी लागते, तेवढी काढायला साडेतीनशे किलो बर्फ वितळवावा लागेल! शीतकयंत्र तेच काम दहा-बारा युनिट विजेत करते. ती वीज सकाळी नेमकी धारेच्या वेळी गेली, तर पुण्यातली मागणी कितीही असो, शंभर किलोमीटरवरच्या बारामतीला तिचा उपयोग नाही.

ज्यांच्या घरी गाय आहे त्यांनी एवढे करून पाहावे. दुग्धमापी आणि तापमापी फार महाग नसतात. शाळेच्या प्रयोगशाळेतूनही मिळतील. आठवडाभर रोज सकाळी धार काढल्याबरोबर डिग्री आणि तापमान लिहा, २७ अंशांहून जितके अंश जास्त तितक्यांदा ०.२ मिळवा, आणि शेजारच्या रकान्यात डेअरीच्या पावतीवरील एस.एन.एफ. आणि सूत्राने आलेला एस.एन.एफ. मांडा. फॅटचा आकडा पावतीवरचाच घ्या. दोन्हींत रोज एकाच बाजूला पॉइंट-दोन पॉइंटांचा फरक दिसला, तर ती वही घेऊन केंद्रचालकांकडे जा आणि यंत्र शेवटचे केव्हा तपासले ते विचारा.