नियम फॉर्मच्या पोटात शिवू नका

ज्या व्यापारी बांधवांनी बिले व ऑर्डरी वेबसाइटवरच्या फॉर्मात भरायला सुरुवात केली आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांवरील जीएसटी बदलला. त्याआधी नगाला १,००० रुपयांपर्यंत ५ टक्के व त्यावर १२ टक्के होता. आता २,५०० पर्यंत ५ व त्यावर १८. त्या दिवशी सकाळी आमचा मुलगा १,८०० रुपयांच्या कुर्त्याचे बिल भरू लागला, तर फॉर्म ५ टक्के घेईना. 'दर चुकीचा' असे लाल अक्षरांत दाखवून अडून बसला. गिऱ्हाईक समोर उभे! प्रोग्रामरने संध्याकाळपर्यंत सगळीकडचा जुना नियम पुसून नवा घातला. पुढच्याच आठवड्यात ऑगस्टमध्ये विकलेला तसाच कुर्ता परत आला. मूळ बिलात १२ टक्के लावलेले, तेव्हा क्रेडिट नोटही १२ नेच व्हायला हवी. आता फॉर्म १२ घेईना.

दोष असा की दराचा नियम फॉर्मच्या आतच लिहून टाकलेला होता.

आपल्याकडचा ताका तपासणारा माणूस पाहा. नमुना आणि मीटरपट्टी त्याच्या हातात मालक देतो. पार्टी बदलली की नमुना बदलतो, माणूस तोच राहतो. प्रोग्रामर लोक या बाहेरून देण्यालाच 'डिपेंडन्सी इंजेक्शन' म्हणतात. नाव भारदस्त आहे. मार्टिन फाउलर यांच्या २००४ सालच्या लेखाने ते रूढ झाले. फॉर्म एवढेच म्हणतो, 'मला एक तपासनीस द्या. मी त्याला रक्कम, दर दाखवीन, त्याने हो की नाही सांगावे.' कोणता तपासनीस द्यायचा ते बाहेर ठरते. नव्या बिलाला नव्या नियमाचा, जुन्या बिलाच्या परतीला जुन्या नियमाचा. फॉर्मला हात लावावा लागत नाही. अँग्युलरसारख्या चौकटीत ही सोय तयारच मिळते.

दुसरा फायदा चाचणीचा. जीएसटी क्रमांक १५ अक्षरी असतो. पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्राचे २७), पुढची दहा अक्षरे पॅनची, आणि शेवटचे अक्षर आधीच्या चौदांवरून हिशेबाने निघते. एवढे जागेवर तपासता येते. नोंदणी चालू आहे की रद्द, हे मात्र सरकारी पोर्टललाच विचारावे लागते. पोर्टलने उत्तर दिले नाही तर आपला फॉर्म काय करील? ते पाहायला पोर्टल बंद पडण्याची वाट कोण बघणार? अशा वेळी चाचणीपुरता खोटा तपासनीस द्यायचा, जो मुद्दाम गप्प बसतो.

मोबाइलचे दहा आकडे मोजायला एवढा थाट नको. काही जण तेवढ्यासाठीही वेगळे काम दाखवून बिल वाढवतात. आणि ब्राउझरमधली तपासणी ही भरणाऱ्याच्या सोयीची, ती चुकवता येते. सर्व्हरवर तोच नियम पुन्हा लावून घ्यावाच.

आम्ही फॉर्म नव्याने करून घेतला. पैसे देण्यापूर्वी प्रोग्रामरला एकच सांगितले: ऑगस्टच्या बिलाची परत आणि ऑक्टोबरचे नवे बिल, दोन्ही १,८०० चीच, एकामागून एक भरून दाखव. पहिले १२ नी गेले, दुसरे ५ नी. मग चेक लिहिला.